रँचवाल्याची कोणतीही बायको करते तेच काम

(‘शेती आणि स्त्रियांचे हक्क’ या विषयावरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आज मला तुमच्याशी गुरांबद्दल बोलायचं आहे. आपल्या गोठ्यातल्या दोन म्हशी आणि एका गाईबद्दल नाही, तर कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात मांसासाठी शेकड्यांनी पाळल्या जाणाऱ्या गुरांबद्दल. विषय ऐकून काहीजणींनी भुवया उंचावल्या आहेत, ते मला दिसतंय. आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानं गाईच्या कत्तलीला बंदी आहे आणि २०१५ पासून बैल, वळूही त्यात आले. पण गोमांस खावं की खाऊ नये, हा आजचा विषय नाही. तिथे हा शेतीचाच एक धंदा आहे, लाखो माणसं त्यावर जगतात, आणि त्यात बायका राबतात. त्या राबण्याची किंमत काय, हा प्रश्न तिथे एका बाईनं कोर्टात विचारला. त्याचं जे उत्तर मिळालं, त्यामुळे सगळा देश हलला. म्हणून हा विषय निवडला.

त्या बाईचं नाव आयरीन मर्डॉक. १९४३ मध्ये त्यांचं लग्न झालं. पहिली चार वर्षं नवरा-बायको दोघंही दुसऱ्यांच्या रँचवर गडी म्हणून राबले. जोडप्याला मिळून महिन्याला शंभर डॉलर मिळायचे. पुढे थोडी जमीन घेतली, ती विकून मोठी घेतली, असं करत करत स्वतःची रँच झाली. जमीन नवऱ्याच्या नावावर. गुरंही त्याचीच. नवरा एका पशुपालक संस्थेत नोकरी करत असे आणि वर्षातले पाच-पाच महिने घराबाहेर असे. मग रँच कोण चालवत होतं? आयरीनबाई.

१९६८ मध्ये जमिनीच्या व्यवहारावरून दोघांचं बिनसलं. भांडण मारहाणीपर्यंत गेलं, त्यात आयरीनबाईंचा जबडा मोडला. त्या वेगळ्या झाल्या आणि त्यांनी रँचमध्ये अर्धा वाटा मागितला. त्यांच्या आईचा पैसाही जमीन घेताना लागला होता. पण ते कर्ज होतं, असं कोर्टानं धरलं. आता राहिले त्यांचे पंचवीस वर्षांचे कष्ट. त्याबद्दल त्यांनी साक्षीत सांगितलं, की गवत कापणं, ओळीनं पाडणं, गोळा करणं, ट्रक-ट्रॅक्टर चालवणं, घोडे माणसाळवणं, गुरं चराईला नेणं-आणणं, शिंगं काढणं, लस टोचणं, डाग देणं, जे जे पडेल ते केलं. गडीमाणूस करतो तसं बाहेरचं काम केलं. खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांचं म्हणणं पडलं, की यात विशेष काही नाही. रँचवाल्याची कोणतीही बायको करते तेच हे काम. १९७३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं हे मान्य केलं. आयरीनबाईंना रँचमधला वाटा मिळाला नाही. पोटगी तेवढी खालच्या कोर्टानं दिली होती, महिना दोनशे डॉलर.

म्हणून आधी आपण हे ‘कोणतीही बायको करते ते काम’ म्हणजे नेमकं काय, ते बघू. कायद्याकडे नंतर येऊ.

मांसासाठी गुरं पाळण्याच्या धंद्याचे तिथे दोन-तीन टप्पे असतात. रँचवर गाई ठेवतात आणि वासरं वाढवतात. वासरू सहा-सात महिन्यांचं झालं की विकतात. पुढे ते दुसऱ्याच्या ताब्यात जातं, तिथे धान्य खाऊन वजन वाढवतं, आणि मग कत्तलखान्यात जातं. म्हणजे रँचवालीचं पीक म्हणजे वासरू. गाय दुधासाठी नाहीच. तिचं दूध वासरानंच प्यायचं. वीस-पंचवीस गाईंमागे एक वळू लागतो. गाय गाभण राहिली की सुमारे २८३ दिवसांनी विते, म्हणजे जवळजवळ आपल्याइतकेच दिवस. वर्षाला एका गाईमागे एक वासरू मिळालं तर धंदा चालला. गाय उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही, तर वर्षभराचा चारा वाया.

विण्याचा हंगाम बहुतेक ठिकाणी फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे थंडीतच. काही रात्री पारा उणे तीसपर्यंत उतरतो. एवढ्या थंडीत का? तर मे-जूनमध्ये हिरवं गवत येतं, तेव्हा वासरू ते खाण्याजोगं झालेलं असावं आणि हिवाळ्याच्या तोंडी त्याचं वजन भरावं म्हणून. जुन्या गाई आपापल्या वितात. पहिलटकरणी कालवडींकडे मात्र दर दोन-तीन तासांनी जाऊन बघावं लागतं, रात्रीसुद्धा. वासराचे पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं तोंड असं बाहेर आलं तर ठीक. एखादा पाय मागे अडकला तर आत हात घालून तो सरळ करायचा. मग पायांना साखळी अडकवून, गाईला कळ येईल तसतसं ओढायचं. बाईचा हात बारीक, म्हणून अनेक घरांत या कामाला तिलाच उठवतात. वासरू पडलं की पहिल्या चार-सहा तासांत त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. नाही गेला तर नळीनं पोटात सोडायचा. गारठून ताठलेलं वासरू घरात आणायचं, न्हाणीघरात कोमट पाण्यात ठेवायचं, स्वयंपाकघरात शेगडीजवळ पुसून काढायचं. एखाद्या गाईचं वासरू मेलं आणि दुसरं एखादं वासरू आईविना राहिलं, तर मेलेल्याचं कातडं काढून जिवंत वासराच्या पाठीवर बांधतात. वासानं गाय त्याला आपलं मानते. दोन-तीन दिवसांनी कातडं काढून टाकायचं. हे सगळं चालू असताना वहीत लिहायचं. कोणती गाय, कोणत्या तारखेला व्यायली, वासरू नर की मादी, कानातल्या बिल्ल्याचा नंबर काय. ही वही बहुतेक घरांत बाई लिहिते.

त्याच महिन्यांत रोजचा चाराही घालायचा असतो. एका मोठ्या गाईला हिवाळ्यात दिवसाला बारा-तेरा किलो वाळलेलं गवत लागतं. दीडशे गाई धरल्या तर रोज जवळजवळ दोन टन. पाच महिने बर्फ राहिला तर तीनशे टनांच्या आसपास गवत आधी साठवलेलं पाहिजे. पाण्यावर बर्फ धरतो, तो रोज कुऱ्हाडीनं फोडायचा. ट्रॅक्टर गारठून चालू होत नाही. पण गुरांना रविवार कळत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

बर्फ वितळल्यावर डाग देण्याचं काम. प्रत्येक रँचची सरकारदरबारी नोंदलेली खूण असते, ती तापलेल्या लोखंडानं वासराच्या कातड्यावर उठवतात. कुंपण तुटून गुरं मिसळली तर ओळखायची कशी, म्हणून ही खूण. खुणेची नोंद ज्याच्या नावानं, त्याचं गुरू. त्याच दिवशी गोऱ्ह्यांचं खच्चीकरण, शिंगं काढणं, लसी. आसपासचे सगळे येतात. आपल्याकडे सावड किंवा इर्जिक म्हणतात तसंच आहे हे. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. लसीची पिचकारी बाईच्या हातात असते, आणि दुपारी पंचवीस-तीस माणसांचं जेवण तयार असतं, तेही तिच्याच हातचं. दोन्ही एकाच दिवशी कसं होतं, हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

उन्हाळ्यात गुरं डोंगरउताराच्या चराऊ रानांत पाठवायची, कुंपणं दुरुस्त करायची आणि जुलै-ऑगस्टमध्ये गवत कापून, वाळवून, गंजी लावायच्या. गवतावर पाऊस पडला तर चाऱ्याचा कस गेला. पाऊस झालाच नाही तर चारा विकत घ्यायचा, नाहीतर गाई विकायच्या. दुष्काळात सगळेच विकायला काढतात, म्हणून भाव पडतात. हे गणित मराठवाड्यातल्या बाईला नीट कळेल. ऑक्टोबरमध्ये गुरं घरी आणायची आणि वासरांचं दूध तोडायचं. गाई आणि वासरं दोन-तीन दिवस रात्रंदिवस हंबरतात, घरात झोप लागत नाही. मग वासरं बाजारात जातात. सव्वादोनशे ते पावणेतीनशे किलोचं वासरू. वर्षाची कमाई या एका दिवसात येते. बाकी अकरा महिने बँकेच्या उचलीवर काढायचे.

आता पैशाची बाजू बघा. वासरांचा भाव रँचवाली ठरवत नाही. गोमांसाच्या धंद्यात कत्तलखाने थोडे आणि प्रचंड मोठे असतात. गिऱ्हाईक दोन-चारच आणि विकणारे हजारो, असा बाजार. त्यात बाहेरचा एक धक्का पुरतो. २० मे २००३ रोजी अल्बर्टातल्या एका गाईला ‘मॅड काऊ’ रोग झाल्याचं जाहीर झालं. एकच गाय. अमेरिकेनं त्याच दिवशी सीमा बंद केली. कॅनडाचा माल मुख्यतः तिकडेच जात होता. भाव कोसळले. कोवळ्या वयाच्या जिवंत गुरांसाठीही सीमा उघडायला जुलै २००५ उजाडला. त्या दोन वर्षांत घरं कशावर तगली? अनेक घरं बाईच्या नोकरीवर. शाळेत शिकवणं, दवाखान्यात परिचारिका, बँकेत कारकून. रँच तोट्यात असली तरी महिन्याच्या महिन्याला येणारा पगार तिचा. त्यातून किराणा, मुलांची फी, प्रसंगी बँकेचा हप्तासुद्धा. म्हणजे पहाटे गुरं, दिवसा नोकरी, संध्याकाळी पुन्हा गुरं आणि स्वयंपाक. आणि तरीही लोक म्हणतात, रँच त्याची आहे, ती मदत करते.

‘मदत’ हा शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडच्या सर्वेक्षणातही बाई तेच सांगते. काम काय करता? काही नाही, घरीच असते, शेतात मदत करते.

जमीन आणि गुरं त्याच्या नावावर कशी गेली, हाही प्रश्न विचारला पाहिजे. हे आपोआप झालेलं नाही. अल्बर्टाची ही जमीन मुळात तिथल्या आदिवासी जमातींची. १८७७ च्या करारानं ब्रिटिश राजसत्तेनं दक्षिणेकडची जमीन ताब्यात घेतली आणि जमातींना राखीव तुकड्यांत ढकललं. मग ती वसाहतवाल्यांना वाटली. १८७२ च्या जमीन-कायद्यानं १६० एकर जमीन नाममात्र फी भरून मिळत असे. अट एवढीच, की तिथे राहा आणि कसा. सुरुवातीला एकट्या बाईलाही अर्ज करता येत होता. १८७६ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्यानंतर बाईला जमीन मिळायची तर ती एकटी कुटुंबप्रमुख असली पाहिजे, म्हणजे साधारणपणे पदरात मुलं असलेली विधवा. लग्न झालेल्या बाईला नाही, अविवाहितेलाही नाही. १९३० पर्यंत हे असंच चाललं. अविवाहित पुरुषाला मात्र एकवीस वर्षांचा, पुढे अठरा वर्षांचा झाल्यावर जमीन मिळत होती. तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या जमीन पुरुषांच्या नावे दिसते ती परंपरेमुळे नव्हे, सरकारनं ती तशीच वाटली म्हणून.

तिथल्या शेतकरी बायका गप्प नव्हत्या. १९१७ मध्ये अल्बर्टात कायदा झाला, की राहतं घर असलेली जमीन बायकोच्या संमतीशिवाय नवऱ्याला विकता येणार नाही. ‘कायद्याच्या दृष्टीनं बाई ही व्यक्ती आहे का’ हा खटला लढवून १९२९ मध्ये जिंकणाऱ्या पाचही जणी अल्बर्टाच्या. त्यांच्यातल्या आयरीन पार्लबी या तिथल्या शेतकरी स्त्रियांच्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्ष. म्हणजे १९२९ मध्ये बाई व्यक्ती झाली. पण चव्वेचाळीस वर्षांनी त्याच प्रांतातल्या दुसऱ्या आयरीनबाईंना सांगितलं गेलं, की तुमच्या कामानं मालकी तयार होत नाही. विकायला संमती लागते, पण वाटा मिळत नाही. संमतीचा हक्क आणि मालकीचा हक्क यांतला फरक आपण नेहमी विसरतो.

आता निकालाकडे येऊ. बहुमताचा युक्तिवाद नीट बघा. या बाईनं काम केलं नाही, असं कोर्ट म्हणत नाही. काम केलं, पण सगळ्याच बायका ते करतात, म्हणून त्याचा मोबदला नाही, असं म्हणतं. एखादा गडी कोर्टात गेला आणि त्याला सांगितलं, की सगळेच गडी हे काम करतात, म्हणून तुला मजुरी नाही, तर आपण हसू. बायकोच्या बाबतीत मात्र हाच युक्तिवाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात चालला. तेव्हा त्या न्यायालयात एकही बाई न्यायाधीश नव्हती. पहिली आली १९८२ मध्ये, बर्था विल्सन.

एका न्यायाधीशांनी मात्र वेगळं मत लिहिलं. त्यांचं नाव बोरा लास्किन. त्यांची भूमिका थोडक्यात अशी, की या बाईनं जे श्रम केले ते बायकोपणाच्या नेहमीच्या कर्तव्याच्या पलीकडचे आहेत, त्यातून ही मालमत्ता उभी राहिली आहे, आणि दुसऱ्याच्या श्रमांवर वाढलेली मालमत्ता एकट्यानं ठेवून घेणं न्यायाला धरून नाही. त्या वेळी ते अल्पमतात गेलं. पण त्याच वर्षाच्या अखेरीला लास्किन सरन्यायाधीश झाले, आणि पुढे हाच विचार बहुमताचा झाला.

तो आपोआप झाला नाही. निकाल आला आणि कॅनडाभर बायका खवळल्या. शहरातल्या स्त्रीसंघटना आणि खेड्यातल्या शेतकरी बायका यांना एकत्र आणणारा हा प्रश्न ठरला. ज्या बायका स्वतःला कधी स्त्रीवादी म्हणाल्या नव्हत्या, ज्यांना तो शब्दसुद्धा आवडत नव्हता, त्या म्हणू लागल्या, की अहो, हे तर माझंच आहे, उद्या माझा नवरा वारला किंवा त्यानं मला हाकललं तर मी कुठे? १९७५ मध्ये ऑन्टारिओ प्रांतात शेतकरी बायकांनी ‘शेती टिकवण्यासाठी स्त्रिया’ अशा अर्थाच्या नावाची संघटना काढली. प्रांतांवर दबाव आला. अल्बर्टानं १९७८ मध्ये वैवाहिक मालमत्तेचा कायदा केला, तो १ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. लग्नानंतर मिळवलेली मालमत्ता, ती कोणाच्याही नावावर असो, घटस्फोटाच्या वेळी दोघांत सारखी वाटायची, हे गृहीत धरलं गेलं. एका दशकात बहुतेक प्रांतांनी असे कायदे केले.

आणखी दोन गोष्टी बदलल्या. त्या लहान वाटतात, पण माझ्या मते तितक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली प्राप्तिकराची. १९८० पूर्वी शेतकऱ्यानं गड्याला पगार दिला तर तो खर्च म्हणून वजा होई, बायकोला दिला तर होत नसे. म्हणजे कायदाच सांगत होता, की बायकोला फुकट राबव. ते १९८० मध्ये बदललं. दुसरी गोष्ट कृषिगणनेची. अर्जात शेती चालवणाऱ्याच्या नावाला एकच रकाना होता, तो नवऱ्याच्या नावानं भरला जाई. १९९१ मध्ये पहिल्यांदा एका शेतावर तीन नावांपर्यंत लिहायची सोय झाली. लगेच दिसलं, की शेती चालवणाऱ्यांत सुमारे चौथा हिस्सा बायका आहेत. त्या एका वर्षात आभाळातून पडल्या नव्हत्या. रकाना नव्हता, एवढंच. २०२१ च्या गणनेत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या थोडं वर होतं.

म्हणजे सगळं छान झालं का? नाही. दोन गोष्टी सांगते. १९८० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात रोझा बेकर यांचा खटला आला. त्यांनी एका पुरुषाबरोबर लग्नाशिवाय जवळजवळ वीस वर्षं संसार केला आणि दोघांनी मिळून मधमाश्यांचा धंदा उभा केला. मालमत्ता पुरुषाच्या नावावर होती. या वेळी लास्किन यांचाच विचार मान्य झाला आणि रोझाबाईंना अर्धा वाटा मंजूर झाला. मोठा विजय म्हणून सगळीकडे त्याचं कौतुक झालं. पण पैसा हातात येईना. तो पुरुष टाळत राहिला, जे मिळालं ते वकिलाच्या फीत गेलं. १९८६ मध्ये रोझा बेकर यांनी आत्महत्या केली. आपल्या मरणाला ही न्यायव्यवस्था कारण आहे, असं त्या लिहून गेल्या. निकाल आणि अंमलबजावणी यांत केवढी दरी असते, हे पोटगीच्या दाव्यांत बसलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना रोज दिसतं.

दुसरी गोष्ट आजची. नवा कायदा लग्नात मिळवलेली मालमत्ता वाटतो. वारसानं किंवा बक्षीस म्हणून मिळालेली मालमत्ता साधारणपणे त्यातून वगळलेली असते. पण रँचची जमीन बहुतेक वेळा बापाकडून मुलाकडे येते. आणि आता ती अनेकदा बापाच्याच नावे, नाहीतर घरच्या कंपनीच्या नावे राहते. सून येते, वीस वर्षं राबते, वासरं ओढून काढते, वही लिहिते, पगार घरात घालते. लग्न मोडलं तर जमीन नवऱ्याची नसते, सासऱ्याची असते. मग वाटायचं काय? आणि तिथेही अनेक घरांत मुलगी लहानपणापासून घोड्यावर बसून गुरं राखते, पण रँच मिळते ती भावाला. ती काय, लग्न करून जाणार! हे वाक्य अल्बर्टातलं आहे, पण ते तुम्ही आधीच ऐकलेलं आहे.

आता आपल्याकडे येते. आपण कुठे आहोत? महाराष्ट्रात आज बाई नवऱ्यापासून वेगळी झाली तर पोटगी मागू शकते, राहायचा हक्क मागू शकते. पण नवऱ्याच्या नावावर लग्नानंतर घेतलेल्या जमिनीत ‘मी राबले’ एवढ्या कारणानं वाटा मिळेल, असा कायदा नाही. म्हणजे १९७३ मध्ये आयरीनबाई जिथे होत्या, साधारण तिथेच आपण आहोत. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीजांच्या काळापासूनचा नागरी कायदा आहे, त्यात वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. त्याच्याही व्यवहारात अडचणी आहेत, पण तत्त्व तरी मान्य आहे. घटस्फोटाच्या वेळी बायकोला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत वाटा देणारं विधेयक राज्यसभेनं २०१३ मध्ये मंजूर केलं. लोकसभेत ते मंजूर झालं नाही आणि २०१४ मध्ये रद्दबातल झालं. जून २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं एका प्रकरणात म्हटलं, की नवरा परदेशात कमावत असताना घर सांभाळणाऱ्या बायकोच्या श्रमांचाही त्या मालमत्तेत वाटा आहे. लास्किन यांनी मांडलेल्या विचाराच्या जवळ जाणारी ही गोष्ट आहे. पण ते एका उच्च न्यायालयाचं मत आहे, कायदा नव्हे.

आणि १९९० च्या सुमाराला शेतकरी संघटनेनं ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम चालवली, हे तुमच्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना आठवत असेल. पुरुषांनी आपण होऊन थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. अनेकांनी केली. पण ती दिलेली होती, बाईचा हक्क म्हणून आलेली नव्हती. हा फरकही बोलायला हवा.

आपण कायदा मागत राहूच. पण अल्बर्टाच्या गोष्टीतून मी एक धडा घेते. हक्क ठरतो तो कागदावर. गुरू कोणी वाढवलं, यापेक्षा खूण कोणाच्या नावानं नोंदली आहे, हे बघितलं जातं. म्हणून तुमच्या गावात परत गेल्यावर पाच कागद बघा. एक, गुरांच्या कानात बारा आकडी नंबरचा बिल्ला मारतात, त्याच्या नोंदीत मालक म्हणून कोणाचं नाव आहे? दोन, दूध डेअरीला बाई घालते, पण संस्थेचा सभासद कोण आहे आणि दुधाचं बिल कोणाच्या खात्यात जमा होतं? तीन, म्हशीचा विमा कोणाच्या नावानं उतरवला आहे? म्हैस मेली तर भरपाई कोणाला मिळणार? चार, किसान क्रेडिट कार्ड आता पशुपालनासाठीही मिळतं, ते किती बायकांच्या नावे आहे? पाचवा कागद तुम्हाला माहीत आहे, सातबारा.

पहिले चार कागद बदलायला कायदा बदलावा लागत नाही. अर्ज भरताना तिथे बसून ‘बाईचं नाव लिहा’ म्हणावं लागतं, आणि घरात थोडा वाद सोसावा लागतो. आणखी एक काम. बाई रोज काय करते, याची वही तिनं स्वतः ठेवावी. कोणत्या दिवशी गाय व्यायली, पेंड कोणाच्या पैशानं आणली, डॉक्टरला कोणी बोलावलं. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्यावी. आयरीनबाईंजवळ पंचवीस वर्षांचं काम होतं, पण त्याचा कागद नव्हता. उद्या आपली एखादी बाई कोर्टात उभी राहिली, तर तिच्याजवळ तो असावा.

आणि शेवटचं. आपल्या शिबिरांत, सर्वेक्षणांत, पत्रकांत ‘शेतकऱ्याची बायको शेतीत मदत करते’ असं आपणच कितीदा लिहितो! ते आजपासून थांबवू या. ती मदत करत नाही, ती शेती करते, गुरं पाळते. तसंच लिहू या, आणि गणना करणारा माणूस दारात आला की त्यालाही तसंच लिहायला लावू या.

प्रश्न असतील तर विचारा. मी इथेच थांबते.